एक चुकलेला अंदाज आणि वितळलेल्या धातूच्या अणुभट्ट्या

१/
२० डिसेंबर १९५१. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील आर्को या लहानशा गावाजवळचा उजाड माळ. तेथील विटांच्या एका इमारतीत दुपारी दीड-दोनच्या सुमारास प्रत्येकी २०० वॅटचे चार दिवे ओळीने लागले. अणुभट्टीतून उपयोगी म्हणावी इतकी वीज निर्माण होण्याचा हा इतिहासातला पहिला प्रसंग. (१९४८ मध्ये ओक रिज येथील अणुभट्टीच्या उष्णतेवर खेळण्यातले वाफेचे इंजिन फिरवून एक चिमुकला दिवा पेटवला गेला होता, पण तो कौतुकाचा भाग झाला.) हजर असलेल्यांनी भिंतीवर खडूने आपापली नावे लिहिली. ती भिंत आजही जपून ठेवली आहे.

२/
हे दिवे पेटवणाऱ्या भट्टीचे नाव एक्स्पेरिमेंटल ब्रीडर रिअॅक्टर-१, संक्षेपाने ईबीआर-१. आपल्या तारापूरला १९६९ पासून ज्या अणुभट्ट्या आहेत, त्यांत गाभ्याची उष्णता पाणी वाहून नेते. जगातील बहुसंख्य अणुभट्ट्यांचे असेच आहे. ईबीआर-१ च्या गाभ्यातून मात्र पाण्याचा थेंबही वाहत नव्हता. तेथे वाहत होते सोडियम आणि पोटॅशियम यांचे द्रवरूप मिश्रण.

म्हणजे अणुविजेच्या घराण्यातील थोरली पाती ही. गादी मात्र धाकट्यांकडे गेली. ती का गेली, आणि तरीही थोरल्या पातीचा हक्क सांगणारे आजही का आहेत, हा या धाग्याचा विषय.

३/
आरंभ एका धास्तीपासून करावा लागतो. १९४४ साली शिकागोच्या प्रयोगशाळेत एन्रिको फर्मी, लिओ झिलार्ड, युजीन विग्नर प्रभृती मंडळी युद्धोत्तर अणुऊर्जेचा विचार करीत होती. त्यांच्या दृष्टीने जगात युरेनियम फारच थोडे होते. बेल्जियन काँगोतील शिंकोलोब्वेची खाण, कॅनडातील ग्रेट बेअर सरोवराकाठची खाण आणि आणखी काही किरकोळ साठे, एवढीच भरवशाची पुंजी. त्यातही निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमपैकी सहज विखंडित होणारे युरेनियम-२३५ अवघे ०.७ टक्के. उरलेले जवळजवळ सगळे युरेनियम-२३८, जे सामान्य अणुभट्टीत बहुतांशी तसेच पडून राहते.

हे पडून राहणारे युरेनियम एक न्यूट्रॉन गिळले की काही दिवसांत प्लुटोनियम-२३९ होते, आणि प्लुटोनियम उत्तम इंधन आहे. तेव्हा प्रत्येक विखंडनातून पुरेसे जादा न्यूट्रॉन वाचवता आले, तर भट्टी जितके इंधन जाळील त्याहून अधिक निर्माण करील. हीच ‘ब्रीडर’ किंवा प्रजनक अणुभट्टी. यात जादू नाही. चुलीशेजारची ओली लाकडे चुलीच्याच धगीने वाळत राहावीत, तसा हा हिशेब आहे. फरक इतकाच, की येथे ओल्या लाकडांचा ढीग सुक्यांच्या शंभरपटीहून मोठा आहे.

४/
पण द्रव धातूच कशासाठी? हे समजले नाही तर पुढच्या अपघातांचा अर्थ लागत नाही, म्हणून थोडे थांबू.

प्लुटोनियमच्या विखंडनातून भरपूर जादा न्यूट्रॉन हवे असतील, तर ते वेगवान असतानाच वापरावे लागतात. पाण्यातील हायड्रोजनचा अणुगर्भ न्यूट्रॉनइतक्याच वजनाचा. कॅरममधली एक सोंगटी दुसरीवर समोरून आदळून जागीच थबकते, तशी न्यूट्रॉनची गती तो काढून घेतो. म्हणून पाणी बाद. शिवाय वेगवान न्यूट्रॉनांवर चालणारा गाभा आकाराने लहान आणि उष्णतेने प्रखर असतो. ईबीआर-१ चा गाभा एका फुटबॉलएवढाच होता. इतक्या लहान जागेतून इतकी उष्णता उपसून काढणारा पदार्थ पाहिजे, आणि तो न्यूट्रॉनांची गती मारणारा नको.

सोडियम या कामाला अगदी योग्य. ते ९८ अंश सेल्सियसला वितळते आणि ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे पाण्याच्या भट्टीत लागतो तसा प्रचंड दाब सोसणारा जाड पोलादी कुंभ लागत नाही. उष्णता ते झपाट्याने वाहून नेते. दोष तेवढे तीन. तापलेले सोडियम हवेशी गाठ पडताच पेटते. पाण्याशी गाठ पडली तर हायड्रोजन निर्माण होऊन स्फोटाचा धोका. आणि ते अपारदर्शक असते, म्हणजे भट्टीत डोकावून काय बिघडले आहे हे डोळ्यांनी पाहता येत नाही.

५/
द्रव धातूचा पहिला प्रयोग मात्र सोडियमचा नव्हता. लॉस आलामोस येथे १९४६ साली सुरू झालेली ‘क्लेमेंटाइन’ ही भट्टी पाऱ्याने थंड होत असे. नावामागची गंमत सांगण्यासारखी आहे. प्लुटोनियमचे युद्धकालीन सांकेतिक नाव होते ‘४९’ : अणुक्रमांक ९४ मधला शेवटचा ४ आणि अणुभार २३९ मधला शेवटचा ९. क्लेमेंटाइन या प्रसिद्ध अमेरिकन लोकगीतातला खाणकामगार बाप १८४९ च्या सोन्याच्या लाटेतला, म्हणून ‘फोर्टी-नाइनर’. भट्टी दरीत होती आणि तिच्याभोवती राबणारेही एका अर्थी ‘४९’ वालेच. कमाल शक्ती केवळ २५ किलोवॅट. १९५२ च्या अखेरीस ती बंद झाली आणि पारा या शर्यतीतून जवळजवळ बाहेर पडला.

६/
आर्कोची भट्टी वॉल्टर झिन यांनी उभारली. १९५३ मध्ये तपासणीअंती सिद्ध झाले की ती जितके इंधन जाळते किमान तितके निर्माण करते. धास्तीवर उतारा सापडला होता.

दोनच वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९५५ रोजी, याच भट्टीचा गाभा वितळला. शास्त्रज्ञ मुद्दाम शीतकाचा प्रवाह थांबवून शक्ती वाढवण्याचा प्रयोग करीत होते. या भट्टीत शक्ती वाढताना इंधनकांड्या तापून किंचित आत वाकत, एकमेकींच्या जवळ येत, आणि त्यामुळे शक्ती आणखी वाढे. हा दोषच त्यांना तपासायचा होता. ठरल्या क्षणी तत्काळ भट्टी बंद करणारी कळ दाबायची होती. चालकाने संथपणे सरकणाऱ्या नियंत्रक दंडांची कळ दाबली. फरक काही सेकंदांचा. तेवढ्यात गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळून गेला.

कोणाला इजा झाली नाही. पुढच्या गाभ्यात कांड्यांना आधाराच्या पट्ट्या बसवल्या आणि तो दोष नाहीसा झाला. तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून हा तसा प्रामाणिक धडा. राजकीय इतिहास म्हणून तितका नाही, कारण अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ही बातमी जनतेपासून काही महिने लपवून ठेवली. ही सवय या कथेत पुन्हा भेटणार आहे.

७/
याच सुमारास गादीचा निकाल लागत होता, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे तर समुद्रात. अमेरिकन नौदलाचे हायमन रिकोव्हर यांनी पाणबुडीसाठी दोन अणुभट्ट्या अजमावल्या. ‘नॉटिलस’मध्ये दाबाखालचे पाणी, ‘सीवुल्फ’मध्ये सोडियम. (सीवुल्फची भट्टी वेगवान न्यूट्रॉनांची नव्हती, पण शीतक द्रव धातूच.) समुद्राच्या पोटात सोडियमने भरलेल्या नळ्या घेऊन फिरण्यातला धोका वेगळा सांगायला नको. गळती झाली, दुरुस्ती किचकट ठरली. रिकोव्हरांनी सीवुल्फची भट्टी काढून पाण्याची बसवली आणि जुनी १९५९ साली अटलांटिकमध्ये बुडवून टाकली.

नौदलाचा पैसा, नौदलाचे कारखाने आणि नौदलात तयार झालेले अभियंते पाण्याच्या भट्टीमागे उभे राहिले. जमिनीवरच्या वीजकेंद्रांनीही तीच वाट धरली. पाण्याची भट्टी श्रेष्ठ होती म्हणून जिंकली असे सरसकट म्हणता येत नाही. ती लवकर तयार झाली, आणि तिच्यामागे घाईत असलेला, मनासारखे करून घेणारा एक अधिकारी होता.

८/
आता डेट्रॉइट. या शहराच्या वीजकंपनीचे प्रमुख वॉकर सिस्लर यांनी ईरी सरोवराच्या काठी खासगी पुढाकाराने सोडियमची प्रजनक भट्टी बांधायचे ठरवले. तिला फर्मींचे नाव देण्यात आले. १९५६ मध्ये, म्हणजे आर्कोचा गाभा वितळून वर्षही झाले नव्हते तेव्हा, अणुऊर्जा आयोगाच्याच सल्लागार समितीने कळवले की ही भट्टी त्या जागी सुरक्षित चालेल असे म्हणण्याइतकी माहिती हाती नाही. आयोगाने तरीही परवानगी दिली.

विरोधाला उभे कोण राहिले? मोटार कामगारांची संघटना. वॉल्टर रॉयथर यांच्या नेतृत्वाखालील या संघटनेचे हजारो सभासद त्याच परिसरात राहत होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कामगार हरले. पर्यावरण चळवळीचा इतिहास सांगताना आपण सहसा विद्यार्थी आणि हिप्पी यांच्यापासून सुरुवात करतो. अणुवीजकेंद्राविरुद्धचा हा आरंभीचा मोठा न्यायालयीन लढा कारखान्यातल्या कामगारांनी लढवला, हे ठळकपणे नोंदवायला हवे.

९/
५ ऑक्टोबर १९६६. फर्मी-१ ची शक्ती हळूहळू वाढवली जात असताना उपकरणे विचित्र आकडे दाखवू लागली. किरणोत्साराचे इशारे वाजले, भट्टी बंद केली गेली. इंधनाचे दोन संच अंशतः वितळले होते. पण कशामुळे?

उत्तर मिळायला वर्षाहून अधिक काळ लागला, कारण सोडियममधून काही दिसत नाही. अखेर ते उपसून लांब नळीतून कॅमेरे आणि दिवे खाली सोडले, तेव्हा तळाशी चेपलेल्या डब्यासारखा धातूचा एक तुकडा आढळला. तो झिर्कोनियमचा पत्रा होता. भट्टीच्या तळाला असे पत्रे शेवटच्या टप्प्यावर जोडले गेले होते, मूळ आराखड्यात ते नव्हते. जोडण्याचे कारण : गाभा कधी वितळलाच तर वितळलेले इंधन पसरून जावे, एके ठिकाणी साचू नये. त्यातला एक पत्रा सुटला, प्रवाहाबरोबर वर गेला आणि त्याने सोडियमची वाट बुजवली. गाभा वितळल्यास उपयोगी पडावे म्हणून बसवलेल्या वस्तूनेच गाभा वितळवला.

बाहेर किरणोत्सार पसरला नाही. १९७० मध्ये भट्टी पुन्हा सुरू झाली, १९७२ मध्ये कायमची बंद. डेट्रॉइट थोडक्यात वाचले, अशा आशयाच्या शीर्षकाचे पुस्तक १९७५ मध्ये निघाले, आणि त्यावरून गिल स्कॉट-हेरॉन यांनी गाणेही रचले. शीर्षकात अतिशयोक्ती आहे असे माझे मत. पण शहराजवळ, पुरेशी माहिती हाती नसताना ती भट्टी बांधली गेली हे कामगारांचे म्हणणे खोटे ठरले नाही.

१०/
ब्रिटनविषयी थोडक्यात. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, डूनरे येथे, १९५९ मध्ये एक आणि १९७४ मध्ये दुसरी मोठी द्रवधातूची भट्टी सुरू झाली. १९७७ साली तिथल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या खोल विहिरीत सोडियम-पोटॅशियम टाकले गेले. विहिरीत पाणी होते. स्फोटाने झाकण उडाले. दुसरी भट्टी १९९४ पर्यंत चालली.

११/
सोव्हिएत संघाची कथा वेगळ्या चालीची. तेथे अलेक्सांद्र लेपुन्स्की यांनी ओब्निन्स्क येथे पन्नाशीच्या दशकात काम सुरू केले. पुढे कॅस्पियन समुद्राकाठी, वाळवंटात वसवलेल्या शेवचेन्को (आजचे कझाकस्तानातील अक्ताऊ) या शहरात बीएन-३५० उभी राहिली. १९७३ पासून ती वीज देऊ लागली आणि त्याचबरोबर समुद्राचे खारे पाणी गोडे करू लागली. ज्या धातूची पाण्याशी उभी दावेदारी, त्याच्या उष्णतेवर एका शहराची तहान भागत होती.

सुरुवातीच्या वर्षांत तिच्या वाफयंत्रणेत सोडियम आणि पाणी यांची गाठ अनेकदा पडली, आगी लागल्या. सोव्हिएत अभियंत्यांनी नळ्या बदलल्या आणि पुढे चालू लागले. उरल पर्वताजवळच्या बेलोयार्स्क येथील बीएन-६०० ही भट्टी १९८० पासून चालते आहे. तिच्यात पहिल्या काही दशकांत सोडियमगळतीच्या २७ घटना नोंदल्या गेल्या, त्यांपैकी १४ वेळा आग लागली. आणि तरीही जगातील सर्वांत सातत्याने वीज देणारी प्रजनक-कुळातील भट्टी हीच.

हा विरोधाभास मला फार बोलका वाटतो. तीच गळती एका देशात देखभालीच्या वहीतली नोंद ठरते आणि दुसऱ्या देशात सरकार हादरवते. दुसरा देश लवकरच येईल.

१२/
सोव्हिएत नौदलाने सोडियमऐवजी शिसे आणि बिस्मथ यांचे मिश्रण निवडले. हवा-पाण्याने ते पेटत नाही. त्याचा दोष निराळा : सुमारे १२५ अंशांखाली ते गोठते. म्हणजे पाणबुडी बंदरात उभी असतानाही भट्टी उबदार ठेवायची, नाहीतर सगळी यंत्रणा एका धातूच्या ठोकळ्यात बदलते.

२४ मे १९६८ रोजी के-२७ या पाणबुडीत शीतकातील मळीने गाभ्याच्या वाटा बुजल्या. इंधन नासले, किरणोत्सारी वायू आत पसरला, आणि नऊ खलाशी मरण पावले. पुढे ती पाणबुडी कारा समुद्रात बुडवण्यात आली. याच शीतकावर चालणाऱ्या नंतरच्या ‘अल्फा’ पाणबुड्या ताशी ४० सागरी मैलांहून अधिक वेगाने धावत आणि नाटोच्या आरमारांची झोप उडवत. द्रव धातूचे हे एकच रूप असे, की जेथे विजेचा दर कोणी विचारला नाही.

१३/
सत्तरीचे दशक हा या भट्ट्यांचा मध्यान्हकाळ. जून १९७१ मध्ये निक्सन यांनी प्रजनक भट्टीला राष्ट्रीय ऊर्जाधोरणात अग्रस्थान दिले. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. दशकाअखेरीस युरेनियम पौंडाला ४० डॉलरांच्या वर गेले. वर्ष २००० पर्यंत एकट्या अमेरिकेत सुमारे १,००० अणुभट्ट्या असतील असे अधिकृत अंदाज छापले जात होते. इतक्या भट्ट्यांना युरेनियम पुरणार नाही, हे ओघानेच आले. १९४४ ची धास्ती आता तक्त्यांत मांडली गेली होती.

१४/
आणि इथे ट्रॉम्बे या कथेत प्रवेश करते. १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने अणुस्फोट केला. त्यातले प्लुटोनियम मुंबईतल्या ट्रॉम्बेचे : सायरस भट्टीत तयार झालेले आणि तिथल्याच, १९६४ साली सुरू झालेल्या प्रक्रियाकेंद्रात वेगळे काढलेले. प्रजनक भट्टी प्लुटोनियमशिवाय चालत नाही, आणि वीजकेंद्रासाठी वेगळे काढलेले प्लुटोनियम बॉम्बलाही चालते, हे जगाला एका सकाळी उमगले.

एप्रिल १९७७ मध्ये कार्टर यांनी वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढण्याचे व्यापारी प्रयत्न अमेरिकेत बेमुदत स्थगित केले आणि क्लिंच रिव्हर येथील प्रजनक भट्टीला विरोध केला. तो प्रकल्प रखडत-रखडत १९८३ मध्ये काँग्रेसने मोडीत काढला. पोखरण हे एकमेव कारण नव्हते, खर्चाचा आकडाही अवाढव्य झाला होता. पण अमेरिकन प्रजनक भट्टीच्या मृत्युलेखात ट्रॉम्बेचे नाव घ्यावेच लागते.

१५/
फ्रान्सने मात्र सर्वांत मोठी उडी घेतली. मार्कुल येथील २५० मेगावॅटची फिनिक्स १९७३ पासून चालू होती. तिच्या यशावर ऱ्होन नदीकाठी क्रे-मालव्हिल येथे १,२०० मेगावॅटची सुपरफिनिक्स उभारायचे ठरले. इटली आणि जर्मनीही भागीदार. सोडियम पाच हजार टनांहून अधिक.

३१ जुलै १९७७ रोजी हजारो निदर्शक पावसात, चिखलाच्या शेतांतून बांधकामाकडे निघाले. पोलिसांनी हातबॉम्बसदृश स्फोटक नळकांडी फेकली. त्यात व्हितल मिशालों हा ३१ वर्षांचा भौतिकशास्त्राचा शिक्षक मरण पावला. १८ जानेवारी १९८२ च्या रात्री नदीपलीकडून बांधकामावर पाच रॉकेटे डागली गेली. कोणी, हे २००३ पर्यंत उघड नव्हते. मग जिनिव्हातील हरित पक्षाचे माजी लोकप्रतिनिधी शाईम निसिम यांनी स्वतःच कबुली दिली. अहिंसेचे नाव घेणाऱ्या चळवळीच्या इतिहासातले हे पान तिचे समर्थक घाईने उलटतात.

१६/
सुपरफिनिक्स १९८६ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. १९८७ मध्ये इंधन साठवण्याच्या टाकीतून सोडियम गळले. १९९० च्या डिसेंबरात बर्फाच्या भाराने टर्बाइनगृहाचे छत कोसळले, ज्यात सोडियमचा काडीमात्र दोष नव्हता. दुरुस्त्या, परवाने, न्यायालये यांत वर्षे गेली. १९९६ हे तिचे सर्वांत चांगले वर्ष. ती स्थिरपणे चालू लागली होती.

आणि जून १९९७ मध्ये नवे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांनी ती बंद करण्याची घोषणा केली. हरित पक्ष त्यांच्या आघाडीत होता. पण केवळ राजकारणाला दोष देणे बरोबर नाही. फ्रान्सच्या लेखापरीक्षकांनी एकूण खर्च ६० अब्ज फ्रँकांच्या घरात मांडला होता, आणि पाण्याच्या भट्ट्यांतून निम्म्या कष्टात वीज मिळत होती. जर्मनीची कालकार येथील भट्टी तर बांधून पूर्ण झाली, पण कधी पेटलीच नाही. १९९१ मध्ये ती रद्द झाली. आज तिथे मुलांचे करमणूक उद्यान आहे, आणि तिच्या शीतकरण मनोऱ्याच्या पोटात पाळणा फिरतो.

१७/
जपानने आपल्या भट्टीला ‘मोंजू’ हे नाव दिले. मोंजू म्हणजे प्रज्ञेचा बोधिसत्त्व मंजुश्री. ८ डिसेंबर १९९५ रोजी, वीज देऊ लागल्यानंतर चारच महिन्यांत, दुय्यम नळीतील तापमापकाचे आवरण प्रवाहाच्या कंपनांनी तुटले आणि सुमारे ६४० किलो सोडियम बाहेर आले. किरणोत्सार नव्हता, कोणी जखमी झाले नाही. बेलोयार्स्कला ही वहीतली नोंद झाली असती.

पण चालवणाऱ्या संस्थेने घटनास्थळाची चित्रफीत कापून-छाटून लोकांपुढे ठेवली. लपवाछपवी उघड झाली. अंतर्गत चौकशी करणाऱ्या एका अधिकाऱ्याने आत्महत्या केली. भट्टी चौदा वर्षे बंद राहिली, मे २०१० मध्ये सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये तिच्यात ३ टनांहून अधिक वजनाचे यंत्र पडले. डिसेंबर २०१६ मध्ये ती मोडीत काढण्याचा निर्णय झाला. मोंजूला सोडियमने बुडवले नाही, त्या चित्रफितीने बुडवले.

१८/
अपघातांची ही यादी वाचून ‘हे तंत्रच वेडेपणाचे’ असा निष्कर्ष काढण्याआधी ३ एप्रिल १९८६ चा दिवस पाहावा. आयडाहोतच आर्कोची धाकटी बहीण ईबीआर-२ चालू होती. त्या दिवशी तिच्या चालकांनी, भट्टी पूर्ण शक्तीवर असताना, सोडियमचे पंप बंद केले आणि आपोआप बंद करणारी यंत्रणा निकामी ठेवली. तापमान चढले, धातूचे इंधन प्रसरण पावले, न्यूट्रॉन निसटू लागले, आणि भट्टी आपोआप विझली. दुपारी उष्णता बाहेर नेण्याचा मार्ग तोडून दुसरा प्रयोग केला. पुन्हा तेच.

१९५५ मध्ये ज्या गुणाने गाभा वितळवला, त्यावर तीस वर्षे काम करून तो उलटा फिरवला गेला होता. तीन आठवड्यांनी चेर्नोबिल घडले आणि आयडाहोचा प्रयोग कोणाच्या लक्षातही राहिला नाही. १९९४ मध्ये ईबीआर-२ बंद करण्यात आली.

१९/
मग चुकले काय? माझ्या मते, अंदाज. युरेनियम दुर्मिळ नव्हते, त्याचा पुरेसा शोध घेतला गेला नव्हता, इतकेच. सरकारने भाव देऊ केल्यावर १९५० च्या दशकातच युटा-कोलोरॅडोच्या पठारावर साठे सापडू लागले, पुढे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात प्रचंड. दुसरीकडे, हजार अणुभट्ट्या उभ्याच राहिल्या नाहीत. १९९० च्या दशकारंभी युरेनियम पौंडाला दहा डॉलरांच्या आसपास घसरले. इंधन इतके स्वस्त असताना ते वाचवण्यासाठी महागडी भट्टी कोण बांधील?

ज्यांनी चिकाटी सोडली नाही, त्यांचा हिशेब बाजारभावावर बेतलेला नव्हता. रशियाला हा उद्योग हातचा जाऊ द्यायचा नव्हता. बेलोयार्स्कलाच बीएन-८०० ही भट्टी २०१५ च्या डिसेंबरात वीजजाळ्याला जोडली गेली. आणि भारताचे कारण तर स्वतंत्रच.

२०/
होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेली त्रिस्तरीय योजना आपल्यापैकी अनेकांनी स्पर्धापरीक्षेसाठी पाठ केली असेल. पण तिचा गाभा १९४४ च्या त्याच धास्तीचा आहे, आणि भारतापुरती ती धास्ती खरी होती : युरेनियम थोडे, केरळच्या किनारी वाळूत थोरियम उदंड. थोरियम स्वतः पेटत नाही. ते पेटवण्याच्या वाटेवर प्लुटोनियमच्या वेगवान भट्ट्यांचा टप्पा ओलांडावा लागतो. म्हणून कल्पाक्कम.

१९६९ मध्ये फ्रान्सशी करार झाला. रापसोदी या फ्रेंच भट्टीच्या धर्तीवर लहान भट्टी बांधायची होती, आणि तिला उच्च समृद्ध युरेनियम लागणार होते. पोखरणनंतर ते कोण देणार? तेव्हा ट्रॉम्बेच्या धातुशास्त्रज्ञांनी प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या कार्बाइडचे इंधन बनवले, ज्यात ७० टक्के प्लुटोनियम होते. असे इंधन मुख्य इंधन म्हणून जगात कोणी वापरले नव्हते. कार्बाइडची भुकटी हवेत पेट घेते, त्यामुळे सगळे काम अक्रिय वायूने भरलेल्या बंद पेट्यांत, बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून करावे लागे. १८ ऑक्टोबर १९८५ रोजी कल्पाक्कमची चाचणी भट्टी याच इंधनावर सुरू झाली. तिने आपली मूळ ४० मेगावॅटची औष्णिक क्षमता गाठली ती मार्च २०२२ मध्ये.

२१/
शेजारची मोठी भट्टी ५०० मेगावॅटची, सोडियम सुमारे १,७५० टन. बांधकाम ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाले. दोनच महिन्यांनी, २६ डिसेंबरच्या त्सुनामीत, पायाचा खड्डा समुद्राच्या पाण्याने भरला, आणि पायाचे काम पुन्हा करावे लागले. २०१० ही पूर्ततेची पहिली तारीख. त्यानंतर तारखा पुढे सरकत गेल्या. तिचे इंधन तारापूरला बनते, अमेरिकन पाण्याच्या भट्ट्यांच्या शेजारी. ४ मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत तिचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला.

थोरियमची पाळी त्यानंतरची. ती कथा मोठी आहे, तिच्यासाठी वेगळा धागा लिहीन.